सुप्याच्या बाजूची खिडकी

उजागरे मॅडमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाची पत्रिका परवा मोबाईलवर आली. तिच्यात मॅडमना 'ज्ञानाचा अखंड तेवणारा नंदादीप' म्हटलं आहे. खाली सत्कार समितीची विनंती आहे, की माजी विद्यार्थ्यांनी गौरव अंकासाठी थोडक्यात लिहून पाठवावं. मी लिहायला बसले. 'मॅडमनी कधी कुणाचं वाईट केलं नाही' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि लगेच खोडलं. ते वाक्य खोटं आहे. ते मॅडमना माहीत आहे, मला माहीत आहे आणि सुप्याच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाला माहीत आहे. आणि मॅडमना खोटं वाक्य चालत नाही. गौरव अंकातसुद्धा.

म्हणून हे वेगळं लिहिते आहे. लिहिण्याआधी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. विशेषणं लावू नकोस." त्या माणसालाही विचारलं. नाव बदला एवढंच तो म्हणाला. ते मी बदललं आहे.

नगरला आमच्या कॉलेजात गणिताचा वर्ग तळमजल्यावर, सायकलस्टँडला लागून होता. मॅडम वर्गात यायच्या त्या हातात ओलं फडकं घेऊन. फळा त्या स्वतः पुसायच्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दुसऱ्या कुणाला पुसू द्यायच्या नाहीत. डस्टरने पुसलेल्या फळ्यावर मागचं अर्धवट दिसत राहतं, आणि अर्धवट दिसणाऱ्या गोष्टीवरून माणूस अंदाज बांधतो, असं त्यांचं म्हणणं. खडू पावडरच्या जुन्या डब्यात ठेवायच्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, जणू आता भिंत सारवायला घ्यायची आहे. फळा वाळेपर्यंत आमच्याकडे वळून विचारायच्या, "कालचं कुठं अडलं?"

कुणी उत्तर दिलं नाही तर त्या खुर्चीत बसायच्या आणि थांबायच्या. पहिल्या वर्षाला आम्हाला वाटायचं, कंटाळतील आणि सुरू करतील. त्या कंटाळायच्या नाहीत. शेवटी कुणीतरी शरमेने एखादी ओळ काढून दाखवायचा. बऱ्याचदा ती अडचण बनवलेली असायची, आणि ते त्यांना कळायचं. त्या म्हणायच्या, "खोटी अडचण सांगितली तरी चालेल. ती सोडवताना खरी सापडते." एखादी ओळ त्यांनाही सुटली नाही तर ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून शेजारी 'इथे अडले' असं लिहायच्या आणि तेवढा कोपरा न पुसता जायच्या. पुढचा तास फिजिक्सच्या सरांचा. ते एकदा स्टाफरूममध्ये वैतागून म्हणाले, "मॅडम, तुमचं अडलेलं रोज माझ्या डोक्यावर असतं." मॅडम म्हणाल्या, "सर, सुटलं तर सोडवा ना. माझी हरकत नाही."

जुने विद्यार्थी मात्र वेगळंच सांगायचे. आमच्या वेळी मॅडम अशा नव्हत्याच, फळा भरला की पुसायच्या, पुन्हा भरायच्या, आणि प्रश्न विचारला की 'हे उघड आहे' म्हणून पुढं जायच्या, असं बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक सीनियर सांगायचा. मुलांनी त्यांचं नाव एक्स्प्रेस ठेवलं होतं. आमचा विश्वास बसायचा नाही. आमच्या वर्गात कुणी 'उघड आहे' म्हटलं की मॅडम त्याला फळ्याशी बोलवायच्या आणि म्हणायच्या, "उघड आहे ना? मग उघडून दाखव."

मी कर्जत तालुक्यातल्या मिरजगावची. माझे वडील, बापू, आयुष्यभर एका संघटनेचं काम करत आले. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे उशाला असायचे. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून. त्यामुळे कॉलेजात आल्यावर पहिल्या सहामाहीत मी पत्रक काढलं नसतं तरच नवल होतं. लायब्ररी दुपारी बंद व्हायची, सकाळी बसने येऊन थेट तासाला बसणाऱ्या बाहेरगावच्या मुलांना ती कधीच वापरता यायची नाही, असा विषय होता. पत्रकाच्या शेवटी मी ठासून लिहिलं होतं: 'या कॉलेजातील सर्व प्राध्यापक ग्रामीण विद्यार्थ्यांच्या विरोधात आहेत.'

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला थांबवून घेतलं. पत्रक त्यांच्या हातात होतं, 'सर्व' या शब्दाखाली रेघ होती.

"सर्व?"

"हो."

"मी प्राध्यापक आहे. मी विरोधात नाही. म्हणजे तुझं विधान खोटं. एक उदाहरण पुरतं."

मी म्हटलं, मॅडम, पत्रकात असंच लिहितात. त्या म्हणाल्या, म्हणून तर लोक पत्रकात शेंगदाणे बांधतात. मग त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं, प्रत्येक वाक्य सिद्ध करता येईल असं. ते निम्म्याने लहान झालं. त्यावर त्यांनी स्वतः सही केली आणि प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. लायब्ररी संध्याकाळपर्यंत उघडी राहू लागली. बापूंना मी हे सांगितलं तेव्हा ते जरा नाराज झाले. त्यांच्या मते पत्रक फार सौम्य होतं.

मॅडम चर्चमागच्या गल्लीत राहायच्या, थोरल्या बहिणीबरोबर. रूथताई निवृत्त नर्स होत्या, आणि मॅडमना 'मार्था' अशी एकेरी हाक मारणारं जगात तेवढंच माणूस उरलं होतं. नाताळला आम्ही सगळे त्यांच्याकडे जायचो. करंज्या असायच्या, केक असायचा, आणि केक कापण्यावरून दरवर्षी वाद व्हायचा, कारण मॅडमचा नियम होता की जो कापेल त्याने शेवटचा तुकडा घ्यायचा, म्हणजे तो सगळे तुकडे मोजूनमापून सारखे कापेल. रूथताई म्हणायच्या, "हिच्या गणितानं केक वाळून जातो."

आता सुप्याबद्दल. गणिताच्या कुठल्या ना कुठल्या स्पर्धेसाठी मॅडम आम्हाला एस.टी.ने पुण्याला न्यायच्या. सुपा त्याच वाटेवर लागतं. त्या नेहमी कारखान्यांच्या उलट बाजूच्या सीटवर बसायच्या. तिथं जागा नसली तर उभ्या राहायच्या, पण त्या बाजूला बसायच्या नाहीत. सुपा जवळ आलं, एमआयडीसीच्या शेड दिसायला लागल्या, की त्या डोळे मिटायच्या. सुपा मागं पडलं की उघडायच्या आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू करायच्या. आम्हाला वाटायचं, त्या प्रार्थना करतात. आमच्यातला एक मुलगा म्हणायचा, "सुप्यात मॅडमना देव भेटतो." आम्ही हसायचो. एकदा मी न राहवून विचारलं की मॅडम, इथंच का? त्या म्हणाल्या, "ऊन लागतं." आभाळ भरलेलं होतं.

त्यांच्या हाताखालून पुढं शिकायला जाणाऱ्यांसाठी त्यांची एक पद्धत होती. कुठल्या विद्यापीठात एम.एस्सी. करावी असं विचारायला कुणी गेलं की त्या नावं सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "जाऊन मागच्या बाकावर बसून ये." मुलं खरंच जायची. अनोळखी शहरात, अनोळखी वर्गात गुपचूप मागं बसायची, कुणी विचारलंच तर 'उजागरे मॅडमनी पाठवलंय' म्हणायची. हे नाव तिथं कुणालाच माहीत नसायचं, पण कुणी हाकललंय असं झालं नाही. परत आल्यावर मॅडम इमारत विचारायच्या नाहीत, हॉस्टेल विचारायच्या नाहीत. एकच विचारायच्या: तासाच्या मध्ये कुणी 'समजलं नाही' म्हणालं का? मग शिकवणाऱ्याने काय केलं?

मला ही सगळी म्हातारपणाची हौस वाटायची. मला एम.एस्सी. करायचीच नव्हती. दूरच्या एका नामवंत संस्थेत बी.एस्सी.नंतर थेट पीएच.डी.च्या वाटेला लावणारा अभ्यासक्रम होता. परीक्षा दिली, मुलाखत झाली, निवड झाली. आमच्या कॉलेजातून तिथं निवड झाल्याचं निदान माझ्या वर्गातल्या कुणी ऐकलं नव्हतं. मी पेढे घेऊन मॅडमच्या घरी गेले.

त्यांनी पेढा घेतला, हातात धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "जाऊ नकोस. आधी एम.एस्सी. कर. चांगल्या ठिकाणी, सावकाश. मग जा."

माझं डोकं फिरलं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला असं वाक्य ऐकू येतं ते एकाच अर्थाने. शहरातल्या पोरांनी उडी मारायची आणि कर्जत तालुक्यातल्या पोरीने पायरीपायरीने यायचं, आपली पायरी ओळखून. मी ते सगळं बोलले. मॅडम ऐकत होत्या. म्हणून मी आणखी बोलले. शेवटी म्हटलं, "तुम्ही एम.एस्सी.वर थांबलात म्हणून आम्हीही थांबायचं का?"

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. रूथताई दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी पेढा बशीत ठेवला.

"उलटं आहे," त्या म्हणाल्या. "मी एम.एस्सी.वर थांबले म्हणून एकाला एम.एस्सी. करू दिली नाही."

मग त्यांनी मला मच्छिंद्रबद्दल सांगितलं. तोवर हे नाव मी ऐकलेलं नव्हतं.

मच्छिंद्र घोडेगावचा. तिथं जनावरांचा मोठा बाजार भरतो, त्या बाजारात त्याचे वडील दोर, जनावरांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा विकायचे. मॅडमच्या साऱ्या नोकरीत तसा विद्यार्थी दुसरा आला नाही, असं त्या म्हणाल्या. विशेषण न लावता म्हणाल्या. प्रश्न फळ्यावर उतरेपर्यंत त्याच्या वहीत उत्तर असायचं. मॅडम वेगाने शिकवायच्या कारण तो वेगाने घ्यायचा. बाकीचे मागं राहतात हे त्यांना दिसायचं, पण एकाशी पळायची त्यांनाही चटक लागली होती.

बी.एस्सी. झाल्यावर मच्छिंद्र त्यांना म्हणाला की मला एम.एस्सी. करायची आहे, अजून दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली नीट शिकायचं आहे. मॅडमना ते पटेना. त्यांचं स्वतःचं असं झालं होतं, की एम.एस्सी. पूर्ण झाली, पुण्यात एक मार्गदर्शक त्यांना संशोधनाला घ्यायला तयार होते, पण घरच्यांच्या दृष्टीने शिक्षण संपलं होतं आणि नगरच्या कॉलेजात जागा निघाली होती. एकदोन वर्षांनी जाते, असं त्या म्हणाल्या आणि गेल्याच नाहीत. तेव्हापासून एम.एस्सी. म्हणजे एक स्टँड, जिथं आपल्याकडची मुलं उतरतात आणि पुढच्या गाडीत चढतच नाहीत, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. मच्छिंद्र उतरू नये म्हणून त्यांनी त्याला थेट पुढच्या गाडीत बसवलं, माझी निवड झाली होती त्याच संस्थेत पाठवलं. तो म्हणाला, मॅडम, मला जमंल का? त्या म्हणाल्या, हे उघड आहे.

तिथं त्याच्याबरोबरची बहुतेक मुलं एम.एस्सी. करून आलेली, किंवा अशा कॉलेजांतली, जिथं ते सगळं आधीच शिकवतात. शिकवणारे विचारायचे, शंका आहे का? वर्ग गप्प. मच्छिंद्रही गप्प. हुशार मुलगा अडत नाही, हे तो मॅडमकडूनच शिकला होता. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, मी परत येतो, इथंच नगरला एम.एस्सी. करतो आणि पुन्हा परीक्षा देऊन जातो. त्याने सगळा विचार केलेला होता.

"मी त्याला काय सांगितलं माहितेय?" मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, तू परत आलास तर तुझ्यामागून आपल्या भागातलं कुणी जाणार नाही. सगळ्यांचं नाव तुझ्यावर आहे. तो म्हणाला, बरं मॅडम. आणि मी फोन ठेवून शांत झोपले."

तो आणखी वर्षभर तिथं राहिला. मग पदवी न घेता निघून आला. मॅडमकडे आला नाही. काही दिवस वडिलांशेजारी बाजारात बसला आणि नंतर सुप्याला एका कारखान्यात लागला. हे मॅडमना दुसऱ्याच एका विद्यार्थ्याकडून कळलं.

मी लगेच सुरू झाले. माझ्याकडे सगळं तयार होतं. खेड्यातल्या कॉलेजांना पुस्तकं नाहीत, शिक्षकांच्या जागा भरत नाहीत, मोठ्या संस्था मुलं निवडतात आणि नंतर ती बुडतात की तरतात हे बघत नाहीत, एका पोराला एकटं तिथं टाकणारी ही व्यवस्थाच गुन्हेगार आहे, तुम्ही नाही. मी खूप वेळ बोलले, आणि मला वाटतं चांगलं बोलले. मॅडमना हलकं वाटावं अशी माझी मनापासून इच्छा होती.

त्या म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे. पत्रक काढ, मी वाटायला येते. पण फोनवर 'परत येऊ नकोस' असं व्यवस्था म्हणाली नाही, स्वाती. ते मी म्हणाले. माझी चूक तिच्या नावावर लिहू नकोस. तिच्या नावावर तिच्या तिच्या पुष्कळ आहेत."

 मग मी विचारलं, त्याला नंतर कधी भेटलात का? मॅडम बशीतल्या पेढ्याकडे बघत राहिल्या. दारातून रूथताई म्हणाल्या, "विचार, विचार. मी विचारून थकले."

"माझं ऐकून जाऊ नकोस आणि माझं ऐकून राहूही नकोस," मॅडम म्हणाल्या. "मी एकदा दुसऱ्याचं ठरवलंय. तू त्याला विचारून ये."

मी म्हटलं, "विधान तुमचं आहे. सिद्ध करायला तुम्ही या."

हे बोलणं उद्धट होतं. पण त्यांचीच भाषा होती, आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मच्छिंद्रचा नंबर मी एक्स्प्रेसचं सांगणाऱ्या त्या जुन्या सीनियरकडून मिळवला.  फोनवर तो म्हणाला, "मॅडम येनार? सोता?" आणि मग, "या की." पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्यासमोरच्या हॉटेलात भेटायचं ठरलं. एस.टी.त मॅडम नेहमीच्याच बाजूला बसल्या. सुपा आलं तेव्हा डोळे मिटले नाहीत, एवढाच फरक.

हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि लोखंडी टेबलं. शिफ्ट सुटली, रस्त्यावर मोटारसायकलींची गर्दी झाली, आणि तिच्यातून एक माणूस काखेत हेल्मेट धरून आमच्याकडे आला. कंपनीचा राखाडी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कानांवरचे केस पिकायला लागलेले. मला उगाच तो कॉलेजातला मुलगा असेल असं वाटत होतं. तो मॅडमच्या पायाशी वाकला तेव्हा मॅडम झटकन मागं सरकल्या, आणि त्याचा हात नुसता जमिनीला लागला.

त्याने चहा सांगितला. "मॅडमना बिनसाखरेचा," तो पोऱ्याला म्हणाला, मग त्यांच्याकडे वळून, "अजून बिनसाखरेचाच का?"

मॅडमनी मान हलवली.

मग इकडचं तिकडचं झालं. वडील गेले, आई घोडेगावलाच असते, त्याला दोन मुली आहेत, कारखान्यात तो तयार माल तपासायच्या विभागात आहे, काम बरं आहे. हे सगळं तो अगदी साधं सांगत होता, आणि मॅडम दर वाक्याला खाली खाली बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "हिची निवड झालीय. तू गेला होतास तिथंच. हिला सांग."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाला, "चांगलं हाय की." मग म्हणाला, "तिथं वाईट कुनीच न्हवतं, ताई. लोकांना वाटतं मला त्रास दिला आसंल. न्हाई. समद्यांना वाटायचं मला येतंय. मंग मलाबी येतंय असंच दाखवावं लागायचं. रोज. त्यानंच दमलो."

"मच्छिंद्र," मॅडम म्हणाल्या, "मी तुला त्या वेळी..."

"तसं न्हाई, मॅडम," तो घाईने म्हणाला. "तुमच्यामुळंच राह्यलो आसं न्हाई काय. मलाबी गावात तोंड दाखवायचं जिवावर आलं हुतं."

मला सुटल्यासारखं वाटलं. चला, त्यानेच सांगितलं. पण मॅडमनी ते घेतलं नाही.

"तरी तू परत येतो म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. "आणि मी येऊ नकोस म्हणाले होते."

समोरून एक लांबलचक ट्रेलर गेला. तो जाईपर्यंत काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मच्छिंद्र हातातल्या ग्लासकडे बघत होता. ट्रेलर गेल्यावर त्याने ग्लास खाली ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "म्हनला हुता."

मला मध्ये पडायचं होतं. जिभेवर सगळी वाक्यं आली होती, संस्था, जागा, पुस्तकं. टेबलाखाली मॅडमनी माझा हात दाबून धरला. इतका घट्ट की अंगठी रुतली.

"चुकले मी," मॅडम म्हणाल्या.

तो 'असू द्या' म्हणाला नाही. 'झालं गेलं' म्हणाला नाही. मी नंतर कितीदा तरी तो सगळा संवाद मनात उलटसुलट करून पाहिला आहे, त्यात कुठं माफी सापडते का म्हणून. सापडत नाही. तो म्हणाला, "चा गार झाला, मॅडम." आणि मॅडमनी तो गार चहा सगळा पिऊन टाकला.

निघताना हेल्मेट घालता घालता तो माझ्याजवळ थांबला. "कुठंबी जावा. पन न्हाई समजलं म्हनायची सोय हाय का, तेवढं बघा. मला ती सोय तिथं न्हवती आसं न्हाई. मला ती करता आली न्हाई. तुमाला आदी कुठं तरी सवय लागाया पायजे." मग मॅडमना नमस्कार करून तो गेला. मागं वळून बघितलं नाही. मुलींना शाळेतून आणायचं होतं.

 परतीच्या गाडीत मॅडमना बरं वाटत होतं असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं त्या एकट्याच उचलत होत्या ते ओझं दुसऱ्या कुणीतरी बघितलं होतं, आणि ते ओझंच आहे असं म्हटलं होतं. मी ज्या दिलाशाने त्यांना मोकळं करायला निघाले होते, त्याने ते ओझं उतरलं नसतं, फक्त ते नाहीच असं ठरलं असतं.

त्यानंतर मी मागच्या बाकावर बसायला गेले. आधी एका मोठ्या, नावाजलेल्या विभागात. शिकवणाऱ्या बाई विलक्षण होत्या, फळा बघत राहावा असा. कुणी काही विचारलं नाही. मग पुण्याच्या पलीकडच्या एका शहरातल्या लहानशा विभागात गेले. तिथं तास अर्ध्यावर आला असताना पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, तिसरी ओळ समजली नाही. सर मागं आले. ओळ वाचली. पुन्हा वाचली. खडू हातात घेऊन उभे राहिले, आणि म्हणाले, मलाही आत्ता सांगता येत नाही, उद्या सांगतो.

मी नगरला येऊन हे मॅडमना सांगितलं, मोठ्या उत्साहाने. त्या म्हणाल्या, "मग उद्या सांगितलं का?"

"मी तर परत आले."

"मग तू काय बघून आलीस?"

मला पुन्हा जावं लागलं. मागच्या बाकावर पुन्हा बसले, तीच मुलगी पुढं होती. मी तिला विचारलं, त्या तिसऱ्या ओळीचं काय झालं? ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सरांनी तास तिथूनच सुरू केला. पुस्तकातच चूक होती."

मी तिथं प्रवेश घेतला. थेट पीएच.डी.ची जागा सोडली. बापूंनी विचारलं, "माघार घेतलीस का?" मी म्हटलं, हो, घेतली. त्यांना हा शब्द माझ्या तोंडून ऐकायची सवय नव्हती. 

एम.एस्सी.ची ती वर्षं मी पुष्कळ वेळा हात वर केला. पहिल्यांदा आवाज कापला, नंतर कापेनासा झाला. आता मी पीएच.डी.ला लागले आहे, आणि इथं पहिल्याच चर्चासत्रात मोठमोठ्या लोकांसमोर मला म्हणता आलं की हे मला समजलं नाही. कुणी हसलं नाही. दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण खाली बसले तेव्हा मला आनंद झाला नाही. मला तो राखाडी शर्ट आठवला. मॅडम मच्छिंद्रच्या बाबतीत चुकल्या नसत्या तर माझ्या बाबतीत बरोबर ठरल्या नसत्या, त्यांनी मला मागच्या बाकावर पाठवलं नसतं, वर्गात थांबल्या नसत्या, 'कुठं अडलं' विचारलं नसतं. माझा रस्ता त्याच्या अंगावरून गेला आहे. यावर पत्रक काढता येत नाही. मी प्रयत्न केला आहे.

मॅडमना शेवटचं बघितलं ते या उन्हाळ्यात. मी पीएच.डी.साठी निघाले होते, त्यांना डोळे दाखवायला पुण्याला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच एस.टी.त बसलो. मी सवयीने त्यांच्यासाठी उलट बाजूची सीट धरून ठेवली होती. त्या चढल्या, गाडीत इकडंतिकडं बघितलं आणि कारखान्यांच्या बाजूच्या सीटकडे गेल्या. मीही उठून तिकडं गेले.

"खिडकी मला दे," त्या म्हणाल्या.

काच धुळीने माखली होती. सुपा यायच्या थोडं आधी मॅडमनी बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला केला आणि काच पुसायला घेतली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मधे डाग राहिला तर पुन्हा. ती वाळेपर्यंत थांबल्या. मग शेड दिसायला लागल्या. शिफ्ट सुटली असावी, रस्त्याच्या कडेने माणसं चालली होती, मोटारसायकली फाट्यावर खोळंबल्या होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. मॅडम एकेक बघत होत्या. गाडीने वेग घेतला तशी त्यांची मान मागं मागं वळत गेली.

मी विचारलं, दिसला का?

 त्या अजून बघत होत्या.